गिटला सही येतच नाही

पत्र

ताई,

टीममध्ये नवीन आहे. नव्या प्रोजेक्टची रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिटचं भांडार, उभी करायचं काम माझ्याकडे आलं. अट एकच : मुख्य ब्रँचवर (कामाच्या मुख्य शाखेवर) सही नसलेला एकही कमिट, म्हणजे बदलाची एकही नोंद, जाता कामा नये. एका जुन्या लेखावरून जीपीजी या डिजिटल सहीच्या प्रोग्रामची किल्ली बनवली, तिचा सार्वजनिक भाग (सही तपासायला लागतो तो) सर्व्हरवर चढवला, आणि पहिल्याच कमिटला उत्तर आलं : 'एरर : जीपीजी फेल्ड टू साइन द डेटा. फेटल : फेल्ड टू राइट कमिट ऑब्जेक्ट.' किल्ली पुसून नवी केली. असं तीनदा केलं. मधूनच चालतं, जागेवरून उठून परत यावं तर पुन्हा बंद. एडिटरमधून तर नशीब असेल तरच होतं. शेवटी वैतागून सही बंद ठेवून १४ कमिट केले, ते सर्व्हर घेत नाही. सहीसकट झालेले दोन कमिट माझ्या वेगळ्या ब्रँचवर गेले, तर त्यांच्यापुढे 'अनव्हेरिफाइड' असा शिक्का. शेजारी बसणारा सहकारी विंडोजवर आहे, त्याला 'नो सीक्रेट की' असं येतं. एक सीनियर म्हणतात एसएसएचने (सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडायला वापरतो त्या किल्लीने) सही कर, दुसरे म्हणतात ही सगळी नाटकं आहेत, बंद कर. मी लिनक्सवर आहे. काय करू?

– सहीत अडकलेली

उत्तर

प्रिय अडकलेली,

तीन किल्ल्या पुसल्यास हे वाचून मला आधी त्या किल्ल्यांचंच वाईट वाटलं. बिचाऱ्यांचा बहुधा काहीच दोष नव्हता.

दोन गोष्टी सुरुवातीलाच. मी मुद्दाम 'किल्ली' म्हणते, कारण मराठीत 'की' लिहिलं की 'की' कुठली आणि 'की' कुठला हेच कळेनासं होतं. आणि कमांड इथे उच्चारल्यासारख्या लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच नेहमीच्या रोमन लिपीत टाइप कर.

आता मुद्द्याचं. गिटला सही करताच येत नाही. ते कमिटचा मजकूर तयार करतं, दुसऱ्या एका प्रोग्रामच्या हातात देतं आणि म्हणतं, यावर अमुक किल्लीने सही करून आण. तो प्रोग्राम म्हणजे जीपीजी. सही आली तर गिट ती कमिटमध्ये चिकटवतं, नाही आली तर हात वर करतं. तुला दिसलेली ओळ म्हणजे निरोप्याने आणलेला निरोप आहे : 'साहेबांनी सही केली नाही.' का केली नाही, ते निरोप्याला ठाऊक नसतं. आणि तू दोन दिवस निरोप्यालाच फैलावर घेते आहेस.

तेव्हा गिटला बाजूला काढ आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये जा. टर्मिनलमध्ये 'एको चाचणी' लिही, पुढे पाइपची उभी रेघ (ती एका कमांडचा मजकूर पुढच्या कमांडला देते), आणि मग 'जीपीजी डॅश डॅश क्लिअरसाइन'. सही झालेला मजकूर समोर आला तर जीपीजी ठणठणीत आहे, दुखणं गिटच्या सेटिंगमध्ये आहे. नाही आला तर जे काही छापून येईल ते नीट वाच, कारण खरं कारण तिथे असतं.

पाइप मुद्दाम घालायला सांगते आहे. बरेच जण एखाद्या फाइलवर सही करून बघतात, ती होते, आणि मग 'जीपीजी चालतंय, गिटच बिघडलंय' असा निष्कर्ष काढतात. पण गिट मजकूर फाइलमधून देत नाही, पाइपमधून ढकलतं. जीपीजीला पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, विचारायचा असतो आणि त्यासाठी तू कुठल्या टर्मिनलवर बसली आहेस हे त्याला माहीत असावं लागतं. एरवी ते आपल्या इनपुटकडे बघून ओळखतं. पाइप आला की इनपुटच्या जागी टर्मिनल नसतंच, तिथे गिटने ढकललेला मजकूर असतो. मग जीपीजी गोंधळून म्हणतं, 'इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस'. ऐकायला असं वाटतं जणू आपण काही असभ्य वागलो. अर्थ एवढाच की पासफ्रेज विचारायची खिडकी कुठे उघडू ते समजेना.

तुझ्या बाबतीत हेच झालं असणार, आणि माझा पुरावा तुझ्याच पत्रात आहे : मधूनच चालतं, उठून परत आलं की बंद. जीपीजीचा एजंट पार्श्वभूमीला बसलेला असतो आणि एकदा दिलेला पासफ्रेज तो काही काळ लक्षात ठेवतो. मुळात ही मुदत ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं असते. प्रत्येक वापराला ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते, पण एकूण ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास झाले की काहीही असो, तो विसरतो. तू टर्मिनलमध्ये काहीतरी खटपट करताना पासफ्रेज एकदा दिलास, पुढची दहा मिनिटं गिटचे कमिटही झाले, एडिटरमधूनही झाले. तुला वाटलं जमलं! उठलीस, परत आलीस, एजंट विसरला, आता विचारायला जागा नाही, म्हणून पुन्हा एरर. मग तू किल्ली पुसलीस. नवी किल्ली बनवताना पासफ्रेज पुन्हा दिलास, पुन्हा दहा मिनिटं सुखाची. या चक्रात माणूस तीन काय, तेरा किल्ल्या पुसेल.

उपाय एका ओळीचा आहे. तुझ्या शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, सुरुवातीच्या फाइलमध्ये, बॅश असेल तर डॉट बॅशआरसीमध्ये, ही ओळ घाल : 'एक्स्पोर्ट', एक जागा, मग 'जीपीजी अंडरस्कोर टीटीवाय', बरोबरचं चिन्ह, आणि त्याला लागूनच डॉलर व कंसात 'टीटीवाय'. जीपीजी आणि टीटीवाय कॅपिटलमध्ये, कंसातलं टीटीवाय लहान अक्षरांत, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नकोस. या ओळीने जीपीजीला सांगितलं जातं की मी या खिडकीवर बसले आहे, विचारायचं ते इथे विचार. मग नवं टर्मिनल उघड, 'जीपीजीकॉन्फ डॅश डॅश किल जीपीजी-एजंट' देऊन जुन्या एजंटला निरोप दे (तो लागेल तेव्हा आपोआप उठतो), आणि पाइपवाली चाचणी पुन्हा कर.

एडिटरचं दुखणं याचंच भावंड, पण औषध वेगळं. एडिटरच्या बटणावरून कमिट करतेस तेव्हा टर्मिनल मुळातच नसतं. वरची ओळ तिथे निरुपयोगी. तिथे पासफ्रेज विचारायला खरीखुरी खिडकी उघडणारा प्रोग्राम लागतो. त्या जातीच्या प्रोग्रामांना पिनएंट्री म्हणतात, आणि त्यांचे प्रकार असतात : नुसत्या टर्मिनलवर चालणारा, जीनोम डेस्कटॉपचा, क्यूटीचा, मॅकचा. चित्रमय खिडकीवाला एखादा इन्स्टॉल कर आणि घरच्या फोल्डरमधल्या डॉट जीएनयूपीजी या लपलेल्या फोल्डरात जीपीजी-एजंट डॉट कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये 'पिनएंट्री-प्रोग्राम' लिहून पुढे त्याचा पूर्ण पत्ता दे. एजंटला पुन्हा एकदा निरोप. बदल केला आणि एजंट जुनाच राहिला, म्हणून 'काहीच फरक पडला नाही' म्हणणारे मी फार पाहिलेत.

समजा आता पाइपची चाचणी झाली, पण गिटमधून अजून होत नाही. तर निरोप्या चुकीच्या दारावर जातो आहे. कमिट करताना कमांडच्या आधी 'गिट अंडरस्कोर ट्रेस' हे व्हेरिएबल कॅपिटलमध्ये लिहून त्याला एक ही किंमत दे. गिट पडद्यामागे कुठली कमांड चालवतं ते मग छापून येतं. त्या गर्दीत एक ओळ शोध, जिच्यात 'जीपीजी' आहे आणि पुढे 'डॅश बीएसएयू' अशी विचित्र अक्षरं आहेत. तो मंत्र नाही. बी म्हणजे सही मजकुरापासून सुटी दे, एस म्हणजे सही कर, ए म्हणजे साध्या अक्षरांत दे, आणि यू म्हणजे पुढे लिहिलेल्या किल्लीने. त्या यूच्या पुढचा आकडा उचल आणि 'जीपीजी डॅश डॅश लिस्ट सीक्रेट कीज' या यादीत तो आहे का बघ.

माझी पैज आहे, नसणार. पहिली किल्ली बनवलीस तेव्हा लेखात लिहिल्याप्रमाणे रिपॉझिटरीच्या आत उभी राहून तिचा क्रमांक सेट केलास. पुढच्या वेळी दुसरा कुठला तरी लेख होता, त्यात 'ग्लोबल' होतं. आता एकाच सेटिंगच्या दोन किमती आहेत, आणि गिटचा नियम असा की रिपॉझिटरीतली किंमत ग्लोबल किमतीवर मात करते. म्हणजे तू ग्लोबलमध्ये चौथी किल्ली कितीही वेळा लिहिलीस तरी या रिपॉझिटरीत गिट पहिली, पुसून टाकलेली किल्लीच मागणार. 'गिट कॉन्फिग डॅश डॅश शो-ओरिजिन डॅश डॅश गेट-ऑल यूजर डॉट साइनिंगकी' दे. कुठल्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते फाइलच्या नावासकट दिसेल. रिपॉझिटरीतली जुनी किंमत 'अनसेट' करून टाक. सहीच्या भांडणात मी जितक्या वेळा मध्यस्थी केली, त्यातल्या निम्म्या वेळा हीच एक कमांड पुरली.

सहकाऱ्याचं 'नो सीक्रेट की' हे त्याच घराण्यातलं, फक्त विंडोजच्या वळणाचं. गिट फॉर विंडोज स्वतःचं एक जीपीजी सोबत घेऊन येतं. त्याने किल्ली जीपीजीफॉरविनच्या क्लिओपात्रा या खिडकीत बनवली असेल, तर ती दुसऱ्या जीपीजीच्या जुडग्यात गेली. एका मशीनवर दोन जुडगी, गिट रिकामं जुडगं चाचपतंय. त्याला 'जीपीजी डॉट प्रोग्राम' या सेटिंगमध्ये जीपीजीफॉरविनमधल्या जीपीजी डॉट ईएक्सईचा पूर्ण पत्ता द्यायला सांग.

एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एक सकाळ घालवली. आदल्या दिवशी सगळं सुरळीत, त्या दिवशी एकही सही होईना. मी गिट काढून पुन्हा टाकलं, एजंटला पाच-सहा वेळा मारलं, मशीन दोनदा चालू-बंद केलं. शेवटी किल्ल्यांची यादी उघडली तर माझ्या किल्लीपुढे चौकोनी कंसात बारीक अक्षरात 'एक्स्पायर्ड' आणि आदल्या दिवसाची तारीख. किल्ली बनवताना मीच दोन वर्षांची मुदत घातली होती आणि विसरले होते. मुदत संपली म्हणून नवी किल्ली बनवावी लागत नाही. 'एडिट-की'मध्ये जाऊन 'एक्स्पायर' द्यायचं, नवी तारीख घालायची, 'सेव्ह' करायचं. मात्र सार्वजनिक भाग सर्व्हरवर पुन्हा चढवावा लागतो, सर्व्हरकडे जुन्या तारखेची प्रत असते. हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं.

आता 'अनव्हेरिफाइड'. हे दुखणं वरच्या कशाशीही संबंधित नाही, आणि ते वेगळं काढलंस तर अर्धा वैताग कमी होईल. सही झाली आहे, गणिती दृष्टीने चोखही असेल. प्रश्न आहे तो सही कोणाची आहे, हे सर्व्हरला पटतंय का.

कमिट आतून कसा दिसतो ते एकदा डोळ्यांनी बघच. 'गिट कॅट-फाइल डॅश पी हेड' दे. वर 'ट्री'ची ओळ, मग 'पेरंट', मग 'ऑथर' (बदल लिहिणारा), मग 'कमिटर' (तो नोंदवणारा), दोघांपुढे नाव, कोनी कंसात ईमेल, आणि सेकंदांतली वेळ. त्याच्या खाली 'जीपीजीसिग', आणि 'बिगिन पीजीपी सिग्नेचर'पासून 'एंड'पर्यंत अक्षरांचा एक ठोकळा. तीच ती सही. ऑथरच्या आणि कमिटरच्या ओळी गिटने तुझ्या सेटिंगमधून जशाच्या तशा उचलल्यात, कोणीही तपासल्या नाहीत. सही मात्र किल्लीतून आली आहे, आणि किल्लीवर तिचं स्वतःचं नाव आणि ईमेल आहे.

गिटहबसारखा सर्व्हर तीन गोष्टी जुळवून बघतो : कमिटरचा ईमेल, किल्लीवरचा ईमेल, आणि तुझ्या खात्यात पडताळलेला ईमेल. एक जरी वेगळा निघाला तरी शिक्का बसत नाही. नव्या माणसाच्या बाबतीत हमखास असं होतं की लॅपटॉपवर गिट आधीपासून स्वतःच्या ईमेलने सेट असतं, आणि किल्ली बनवताना तो कामाचा ईमेल देतो. कॅट-फाइलमधला ईमेल आणि किल्लीच्या यादीतला ईमेल शेजारी ठेवून अक्षर-अक्षर वाच. एखादा जास्तीचा टिंबसुद्धा पुरतो. आणि हो, तुझ्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. सर्व्हरवर चढवलीस ती पहिली किल्ली, आणि ते दोन कमिट झाले चौथीने, असं तर नाही? पत्रात पुन्हा चढवल्याचा उल्लेख नाही. सर्व्हरला ती चौथी किल्ली कोणाची ते कसं कळणार?

ईमेल वेगळा असेल तर दोन वाटा. सोपी वाट : या रिपॉझिटरीत 'यूजर डॉट ईमेल' बदलून किल्लीवरचा ईमेल ठेव. दुसरी : किल्लीवर दुसरा ईमेलही लाव, म्हणजे 'एडिट-की'मध्ये 'अ‍ॅडयूआयडी', मग सेव्ह, आणि सर्व्हरवरची जुनी प्रत काढून नवी चढव. एकाच मशीनवर घरचं आणि कामाचं दोन्ही करत असशील, तर गिटमध्ये 'इन्क्लूड-इफ' नावाची सोय आहे. अमुक फोल्डरातल्या सगळ्या रिपॉझिटऱ्यांना हा ईमेल आणि ही किल्ली, असं एकदाच सांगून ठेवता येतं. मी ते केल्यापासून चुकीच्या नावाने कमिट करायची माझी खोड गेली.

मग ते १४ कमिट. सही कमिटच्या आतच असते, त्यामुळे ती बाहेरून मागाहून चिकटवता येत नाही. सही घालायची म्हणजे कमिट नव्याने लिहायचा, आणि नव्याने लिहिला की त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळखक्रमांक, बदलतो, त्याच्या पुढच्या सगळ्यांचाही. दुसऱ्या कोणी ते कमिट घेऊन त्यावर काम सुरू केलं असतं तर मी तुला थांबवलं असतं. पण सर्व्हरने ते घेतलेच नाहीत, म्हणजे ते फक्त तुझ्या मशीनवर आहेत. हा नकार तुझ्या पथ्यावर पडला म्हण.

आधी आहे त्या ठिकाणी एक जादा ब्रँच काढून ठेव, जुनं सगळं तिच्यावर सुखरूप राहील. मग 'गिट रीबेस डॅश डॅश रूट', पुढे 'डॅश डॅश एक्झेक', आणि त्याच्या पुढे अवतरणात 'गिट कमिट डॅश डॅश अमेंड डॅश डॅश नो-एडिट डॅश एस', हा एस कॅपिटल. मुळापासून प्रत्येक कमिट उचलला जाईल, सहीसकट पुन्हा लिहिला जाईल. पासफ्रेज एजंटच्या लक्षात असल्यामुळे १६ वेळा विचारणार नाही. मध्ये मर्ज केलेले (दोन ब्रँच जोडणारे) कमिट असतील तर 'रीबेस-मर्जेस'ही जोड, नाहीतर इतिहास एका सरळ रेषेत येऊन बसेल. ऑथरची तारीख जुनीच राहते, कमिटरची आजची होते, घाबरू नकोस. ते दोन 'अनव्हेरिफाइड' कमिटही याच फेरीत सुधारतात, फक्त ईमेलचं सेटिंग आधी दुरुस्त कर आणि मग रीबेस कर. ऑथरच्या ओळीत जुनाच ईमेल राहील, पण सर्व्हर बघतो कमिटरचा. ज्या ब्रँचवर ते दोन आधी चढवलेस ती फोर्स पुश करावी लागेल, म्हणजे सर्व्हरवरचा जुना इतिहास पुसून त्याजागी नवा चढवावा लागेल. ती तुझ्या एकटीचीच आहे ना, एवढं विचारून घे.

झाल्यावर खात्री कर : 'गिट लॉग'ला फॉरमॅटमध्ये टक्का, कॅपिटल जी आणि प्रश्नचिन्ह असं दिलं की प्रत्येक कमिटपुढे एक अक्षर येतं. जी म्हणजे सही चांगली. यू म्हणजे सही चांगली, पण या किल्लीवर किती विश्वास ठेवायचा ते ठरलेलं नाही. एन म्हणजे सहीच नाही. ई म्हणजे तपासायला किल्ली सापडत नाही. बी दिसला तर मात्र थांब, तिथे सही आणि मजकूर जुळत नाहीत.

एसएसएचबद्दल सांगते. ते सीनियर बरोबर आहेत, आणि आज नव्याने सुरू करणाऱ्या टीमला मीही तेच सुचवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या गिट २.३४ पासून एसएसएचच्या किल्लीने सही करता येते. पुश करायला (कमिट सर्व्हरवर चढवायला) ती किल्ली तुझ्याकडे बहुधा आहेच. 'जीपीजी डॉट फॉरमॅट'ला एसएसएच ही किंमत द्यायची (हो, जीपीजी सोडायलाही जीपीजी नावाच्याच खात्यात अर्ज करावा लागतो) आणि 'यूजर डॉट साइनिंगकी'मध्ये क्रमांकाऐवजी तुझ्या डॉट पब फाइलचा पत्ता. हे दुसरं विसरलीस तर गिट तुझा जुना जीपीजीचा क्रमांक फाइलचं नाव समजून शोधत बसेल आणि 'नो सच फाइल' म्हणेल. ओपनएसएसएचची आवृत्ती ८.७ असेल तर आधी ८.८ किंवा पुढे जा, ८.७ मध्ये सहीची सोय मोडकी आहे.

पिनएंट्री, टीटीवाय, मुदती, जुडगी, हे सगळं सुटतं. ईमेलचा प्रश्न मात्र सुटत नाही, तो तिथेही तसाच उभा असतो. शिवाय दोन नव्या ठेचा आहेत. गिटहबवर पुशसाठी दिलेली किल्ली सहीसाठी आपोआप धरली जात नाही, तीच किल्ली 'साइनिंग की' म्हणून दुसऱ्यांदा नोंदवावी लागते. 'पुश होतंय पण अनव्हेरिफाइड', असं कोणी म्हणालं की मी न बघता हेच सांगते. आणि स्वतःच्या मशीनवर सह्या तपासायच्या तर 'अलाउड साइनर्स' नावाची फाइल बनवावी लागते. एका ओळीत ईमेल आणि त्यापुढे ती सार्वजनिक किल्ली, टीममधल्या प्रत्येकाची एक ओळ. ती नसेल तर सही करता येते, तपासता येत नाही, आणि गिट तसं स्पष्ट सांगतंही. ही फाइल रिपॉझिटरीतच ठेवावी असं माझं मत आहे, म्हणजे नवा माणूस आला की एक ओळ वाढते आणि ती कोणी वाढवली हेही दिसतं.

जीपीजी मी कुठे राखून ठेवीन? बाहेरच्या, अनोळखी लोकांना तुम्ही सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या देणार असाल तर. मुदत आणि किल्ली रद्द झाल्याची घोषणा किल्लीसोबतच फिरते, ही सोय एसएसएचच्या साध्या किल्लीत नाही. टीमपुरत्या रिपॉझिटरीला एसएसएच भरपूर झालं.

आणि 'नाटकं' म्हणणाऱ्या दुसऱ्या सीनियरांना हे दाखव. २८ मार्च २०२१ ला पीएचपी या भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर दोन कमिट चढले. एकावर नाव रॅस्मस लेरडॉर्फचं, ज्यांनी ती भाषा निर्माण केली. दुसऱ्यावर निकिता पोपोव यांचं, भाषेचे तेव्हाचे एक प्रमुख विकसक. संदेश साधा, टायपो दुरुस्त केल्याचा. आत चोरदरवाजा होता : ब्राउझर विनंतीसोबतच्या ज्या माहितीच्या ओळीत, म्हणजे हेडरमध्ये, आपलं नाव सांगतो, तशाच नावाच्या, पण शेवटी एक टी जास्त असलेल्या हेडरमधून पाठवलेला कोड सर्व्हरवर चालवायचा. दोघांपैकी कोणीही ते लिहिलेलं नव्हतं. काही तासांतच इतरांच्या नजरेला ते पडलं, म्हणून निभावलं, आणि प्रकल्पाने आपला मुख्य पसारा गिटहबवर हलवला. कॅट-फाइलमधली ऑथरची ओळ तू आत्ताच बघितलीस. तिथे कोणाचंही नाव लिहिता येतं, तुझ्या सीनियरांचंही. करून दाखवायला एक मिनिट लागतं. अर्थात आधी त्यांना विचारून.

तुझी चौथी किल्ली मात्र आता पुसू नकोस, एसएसएचकडे गेलीस तरी. तिने सही केलेले कमिट कुठे तरी राहतीलच. डॉट जीएनयूपीजी फोल्डरात 'ओपनपीजीपी-रेव्होक्स डॉट डी' असा एक फोल्डर सापडेल. तिथे जीपीजीने किल्ली बनवतानाच तिचं रद्दपत्र करून ठेवलेलं असतं. त्याची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर ठेव. आणि पहिली किल्ली अजून सर्व्हरवर नोंदलेली असेल तर काढून टाक, जिचा गुप्त भाग उरलाच नाही ती तिथे ठेवून उपयोग काय?

ता. क. 'कमिट डॉट जीपीजीसाइन' चालू केलंस तरी टॅगवर, म्हणजे एखाद्या कमिटला आवृत्ती म्हणून दिलेल्या नावावर, आपोआप सही होत नाही. त्याचं 'टॅग डॉट जीपीजीसाइन' हे सेटिंग निराळं आहे. पहिली आवृत्ती टॅग करायच्या आधी तेही लावून घे.